काठी कोणत्या हातात धरावी? सांध्यांवर पडणाऱ्या भाराचे साधे विज्ञान

ओपीडीत रोज कोणी ना कोणी काठी चुकीच्या हातात धरून येते. उजवा खुबा दुखतो म्हणून काठीही उजव्या हातात. "काठी डाव्या हातात धरा," असे सांगितले की बहुतेक जण विचारतात, "डॉक्टर, दुखतोय उजवा पाय, मग आधार उजवीकडे नको का?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर औषधांच्या पुस्तकात नाही, शाळेत शिकलेल्या तरफेच्या धड्यात आहे. ते एकदा समजले की पिशवी कोणत्या हातात घ्यावी, जिना कसा चढावा, बादली कशी उचलावी ही उत्तरेही आपोआप सुटतात.

थोडक्यात महत्त्वाचे

- चालताना खुब्यावर आणि गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पडतो. यातला मोठा वाटा स्नायूंच्या ओढीचा असतो.
- खुबा किंवा गुडघा एका बाजूचा दुखत असेल तर काठी विरुद्ध हातात धरावी.
- खुबा दुखत असेल आणि सामान हातातच न्यावे लागत असेल, तर ते दुखऱ्या खुब्याच्या बाजूच्या हातात घ्यावे.
- जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.
- कोणतेही वजन उचलताना ते शरीराच्या जितके जवळ, तितका कमरेवर ताण कमी.

वजनकाटा दाखवतो तेवढाच भार सांध्यावर पडतो का?

नाही. वजनकाटा फक्त पृथ्वी आपल्याला किती जोराने खाली ओढते ते दाखवतो. ६० किलोच्या व्यक्तीसाठी हे बल सुमारे ५९० न्यूटन असते. (पुढे सोयीसाठी आपण बलही किलोमध्येच मोजू.) पण शरीर उभे ठेवण्यासाठी स्नायूंना हाडे ओढून धरावी लागतात आणि त्या ओढीने सांध्याची दोन्ही टोके एकमेकांवर दाबली जातात. म्हणजे सांध्यावरचा भार = वजन + स्नायूंची ओढ.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. जर्मनीत बर्लिन येथील संशोधकांनी काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम सांध्यांमध्येच बल मोजणारी उपकरणे बसवली आणि ते रुग्ण चालताना, जिना चढताना, खुर्चीतून उठताना प्रत्यक्ष मोजमाप केले. सरासरी आकडे असे आले:

- सपाट जागी चालताना खुब्यावर: वजनाच्या सुमारे २.४ पट
- जिना चढताना व उतरताना खुब्यावर: सुमारे २.५ ते २.६ पट
- सपाट जागी चालताना गुडघ्यावर: सुमारे २.६ पट
- खुर्चीतून उठताना गुडघ्यावर: सुमारे २.५ पट
- जिना चढताना गुडघ्यावर: सुमारे ३.२ पट
- जिना उतरताना गुडघ्यावर: सुमारे ३.५ पट

अडखळल्यावर तोल सावरताना तर खुब्यावरचा भार वजनाच्या आठ पटींहून अधिक गेल्याचेही नोंदवले गेले आहे. त्या क्षणी सगळे स्नायू एकदम आवळले जातात, म्हणून हा आकडा इतका मोठा असतो.

खुबा: एका बाजूला आखूड दांडी असलेला तराजू

पहारीने दगड हलवताना आपण लांब टोकावर जोर लावतो. दांडी लांब असल्याने थोड्या जोरात मोठा दगड हलतो. शरीरात बहुतेक ठिकाणी नेमके उलटे आहे: लांब दांडीला वजन आणि आखूड दांडीला स्नायू. त्यामुळे स्नायूला वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो.

दोन्ही पायांवर सरळ उभे असताना ६० किलोच्या व्यक्तीच्या प्रत्येक खुब्यावर साधारण २० किलोच भार असतो. कारण दोन्ही पायांचे स्वतःचे वजन (एकूण सुमारे २० किलो) खुब्यांच्या खाली असते आणि उरलेले ४० किलो दोघांत वाटले जाते.

पण चालणे म्हणजे आलटून पालटून एका पायावर उभे राहणे. समजा, उजव्या पायावर भार आहे. आता उजवा पाय वगळता उरलेले सुमारे ५० किलो एकट्या उजव्या खुब्यावर तोलायचे आहेत. हे वजन खुब्याच्या मध्यापासून साधारण १० सेंटीमीटर आतल्या बाजूला असते, म्हणून कटिभाग डावीकडे झुकू पाहतो. त्याला रोखतात ते खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू. ते खुब्यापासून फक्त ५ सेंटीमीटर अंतरावर आहेत.

तराजूचा नियम सोपा आहे: एका बाजूचे वजन गुणिले अंतर = दुसऱ्या बाजूचे बल गुणिले अंतर.

५० किलो × १० सें.मी. = स्नायूचे बल × ५ सें.मी.

म्हणजे स्नायूला १०० किलोची ओढ लावावी लागते. खुब्यावर पडले ५० + १०० = १५० किलो. हा आकडा वजनाच्या अडीच पट आहे आणि बर्लिनच्या मोजमापांशी चांगला जुळतो. खुब्याचा असा हिशेब जर्मन अस्थिरोगतज्ज्ञ फ्रिडरिश पाउवेल्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडला होता.

खुबा दुखणारी व्यक्ती चालताना दुखऱ्या बाजूला का झुकते, हेही यातून कळते. धड त्या बाजूला कलले की वजन खुब्याच्या जवळ येते, दहाऐवजी पाच-सहा सेंटीमीटरच अंतर उरते आणि स्नायूची ओढ कमी लागते. हे झुकणे म्हणजे वाईट सवय नव्हे, शरीराने स्वतःच शोधलेला उपाय आहे. मात्र सतत तसेच चालल्याने कमरेवर ताण येतो. तेच काम काठी अधिक चांगले करते.

मग काठी विरुद्ध हातातच का?

उजवा खुबा दुखतो आणि काठी डाव्या हातात आहे असे समजा. काठी उजव्या खुब्यापासून साधारण ४० सेंटीमीटर दूर टेकते. ही लांब दांडी झाली. काठीवर फक्त ५ किलोचा दाब दिला तरी,

५ किलो × ४० सें.मी. = २००

म्हणजे ५०० पैकी २०० चा वाटा काठीने उचलला. स्नायूला आता ३०० ÷ ५ = ६० किलोचीच ओढ लावायची आहे. खुब्यावरचा एकूण भार १५० वरून सुमारे १०५ किलोवर येतो. हाताने दिला ५ किलोचा दाब, खुब्याचे वाचले ४५ किलो.

हा हिशेब आदर्श परिस्थितीचा आहे. प्रत्यक्ष चालताना शरीर सतत हलत असते, काठीवरचा दाब कमी-जास्त होतो, त्यामुळे मिळणारा आराम यापेक्षा कमी असतो. तरीही दिशा तीच राहते.

हीच काठी उजव्या, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या हातात धरली तर ती खुब्याच्या बाहेरच्या बाजूला टेकते. तिथे तिचा वर जाणारा रेटा स्नायूच्या कामाला मदत न करता त्याच्या विरुद्ध जातो. फायदा व्हायचा तर पूर्ण अंग काठीवर टाकून झुकावे लागते. त्यात तोल जाण्याची भीती वाढते आणि मनगट, खांदा दुखू लागतात तो त्रास वेगळाच.

गुडघ्याच्या दुखण्यातही काठी विरुद्ध हातातच धरावी. चालताना डावा हात आणि उजवा पाय एकत्र पुढे जाण्याची आपली नैसर्गिक लय त्यामुळे टिकते.

काठी वापरताना

- उंची: चप्पल-बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीपर्यंत यावी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले असावे. उंच काठीने खांदा वर उचलला जातो, आखूड काठीने पाठ वाकते.
- क्रम: काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे, मग चांगला पाय.
- टोकाचे रबर: ते झिजून गुळगुळीत झाले की ओल्या फरशीवर काठी घसरते. दर महिन्याला पाहा आणि वेळीच बदला. मेडिकल दुकानांत ते सुटे मिळते.
- दोन्ही बाजू सारख्याच दुखत असतील किंवा तोलच जात असेल तर एक काठी पुरत नाही. अशा वेळी वॉकरबद्दल डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा.

बाजाराची पिशवी कोणत्या हातात?

तराजूचा तोच नियम लावून पाहू. उजवा खुबा दुखतो आणि ४ किलोची भाजीची पिशवी डाव्या हातात आहे. ती उजव्या खुब्यापासून ४० सेंटीमीटर दूर लटकते. ४ × ४० = १६०. ते तोलण्यासाठी स्नायूला ३२ किलो जास्तीची ओढ लावावी लागते, शिवाय पिशवीचे ४ किलो. चार किलोच्या पिशवीने खुब्यावर ३६ किलो वाढवले.

तीच पिशवी उजव्या हातात घेतली तर ती खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, सुमारे २० सेंटीमीटरवर लटकते आणि स्नायूच्या बाजूने काम करते. स्नायूची ओढ १६ किलोने कमी होते. पिशवीचे ४ किलो धरूनही खुब्यावरचा भार थोडा घटतोच. म्हणून काठी एका हातात, पिशवी दुसऱ्या, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या हातात, ही मांडणी खुब्यासाठी योग्य.

याचा अर्थ मुद्दाम वजन घेऊन चालावे असा नाही. गुडघ्याला तर कोणत्याही हातातले वजन जडच जाते. जड सामानासाठी चाकांची पिशवी, हलक्या सामानासाठी दोन्ही खांद्यांवरची सॅक उत्तम.

गुडघा: जिना, खुर्ची आणि वजन

गुडघा जितका जास्त वाकलेला, तितके शरीराचे वजन गुडघ्यापासून मागे आणि दूर जाते. ते सांभाळायला मांडीच्या पुढच्या स्नायूला तितकीच जास्त ओढ लावावी लागते आणि गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. म्हणूनच सपाट रस्त्यावर तासभर फिरणाऱ्यांना दोन जिने नकोसे होतात आणि पाटावरून किंवा भारतीय पद्धतीच्या शौचालयातून उठणे सर्वात अवघड जाते.

- बसण्याची जागा उंच करा. खुर्चीवर घट्ट उशी, कमोडवर उंची वाढवणारी बैठक, देवपूजेसाठी पाटाऐवजी स्टूल. बैठक थोडी जरी उंच झाली तरी गुडघा कमी वाकतो आणि फरक लगेच जाणवतो.
- उठताना आधी खुर्चीच्या कडेला सरका, पाय मागे घ्या, पुढे झुका आणि हातांनी खुर्चीचे हात रेटा. पुढे झुकल्याने वजन पावलांवर येते आणि हातांनी दिलेला जोर तेवढाच गुडघ्यांवरून कमी होतो.
- जिना चढताना चांगला पाय आधी टाका, कारण वरच्या पायरीवरचा पाय शरीर उचलतो. उतरताना दुखरा पाय आधी खाली टाका, कारण वरच्या पायरीवर राहिलेला पाय हळूहळू वाकत शरीराला ब्रेक लावत असतो. अवघड काम दोन्ही वेळा चांगल्याच पायाकडे जाते. एक हात कठड्यावर असावा.
- वजन कमी करण्याचा फायदा पटीत मिळतो. गुडघ्याची झीज आणि जास्त वजन असलेल्या रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की शरीराचे एक किलो वजन घटले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. पाच किलो घटवणे म्हणजे प्रत्येक पावलाला वीस किलोचा दिलासा.

कंबर: बादली शरीराजवळ घ्या

पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटर मागे असतात. १० लिटर पाण्याने भरलेली बादली हात लांब करून ५० सेंटीमीटरवर धरली, तर केवळ त्या पाण्यासाठी पाठीच्या स्नायूंना १०० किलोची ओढ लावावी लागते. तीच बादली २५ सेंटीमीटरवर आणली की ५० किलो. पाणी तेवढेच, कमरेवरचा ताण निम्मा.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात एका निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत बारीक संवेदक बसवून दाब मोजला गेला. सैल उभे असतानाच्या दाबाशी तुलना करता, २० किलो वजन पाठ गोल करून उचलताना दाब साडेचार पटींहून अधिक झाला. गुडघे वाकवून उचलताना सुमारे साडेतीन पट, तर तेच वजन छातीजवळ धरून उभे राहिल्यावर सुमारे दुप्पट.

म्हणून वजन उचलताना आधी त्याच्या अगदी जवळ जा, पावले फाकवून उभे राहा, कमरेत नव्हे तर खुब्यात आणि गुडघ्यांत वाका, वजन अंगाशी घ्या आणि मगच उठा. वळायचे असेल तर कमरेत पीळ देऊ नका, पावले फिरवा. झटका देऊन उचलू नका. स्थिर वस्तूला अचानक वेग द्यायला तिच्या वजनापेक्षा जास्त बल लागते आणि ते कमरेतून जाते. ज्यांचे गुडघेही दुखतात त्यांनी बादली जमिनीऐवजी स्टुलावर ठेवून भरावी. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर सुमारे ३० किलोचा असतो. कंबरदुखी असलेल्यांनी तो एकट्याने हलवूच नये.

तोल, वेग आणि पडणे

आपला गुरुत्वमध्य साधारण ओटीपोटाच्या पातळीवर असतो. त्यातून खाली सोडलेली रेषा पावलांच्या चौकटीत आहे तोवर आपण उभे राहतो. पावले जुळवून उभे राहिलो तर चौकट लहान, पावले फाकवली तर मोठी. काठीमुळे ती आणखी मोठी होते. काठीचा हा दुसरा फायदा ज्येष्ठांसाठी पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

बसमध्ये तोल जातो तो जडत्वामुळे. ब्रेक लागला की पावले बसबरोबर थांबतात, पण धड आधीच्याच वेगाने पुढे जात राहते. म्हणून उभे राहावे लागले तर एक पाय पुढे, एक मागे ठेवा आणि दांडा धरा. बस पूर्ण थांबल्याशिवाय जागेवरून उठू नका. चालत्या बसमधून उतरतानाही नेमके हेच होते: पावले रस्त्यावर अडतात आणि शरीर पुढे फेकले जाते.

उभ्या उंचीवरून पडणे किरकोळ वाटते. पण सुमारे ८० सेंटीमीटर उंचीवर असलेला खुबा मध्ये कुठेही आधार न मिळता खाली आला, तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी १४ किलोमीटर असतो आणि तो काही सेंटीमीटरच्या आत शून्य होतो. थांबायला जागा जितकी कमी, तितके बल जास्त. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीचा खुबा मोडायला हा आघात पुरेसा असतो. म्हणून न पडण्यासाठी केलेली छोटी व्यवस्था ही मोठ्या शस्त्रक्रियेइतकीच मोलाची आहे: बाथरूममध्ये धरायला पक्की दांडी, न घसरणारी चटई, रात्री मंद दिवा, पायात मागे पट्टा असलेली चप्पल, आणि जमिनीवर लोळणाऱ्या वायरी किंवा सैल पायपुसणी उचलून टाकणे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*काठी वापरली तर पाय कमजोर होईल का?*
नाही. दुखण्यामुळे चालणे बंद झाले तर स्नायू कमजोर होतात. काठीमुळे चालणे चालू राहते. सोबत खुब्याच्या व मांडीच्या स्नायूंचे व्यायाम मात्र करायला हवेत.

*खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय टेकू नका असे सांगितले आहे. पाय हवेत धरून ठेवला तर खुब्यावर शून्य भार पडतो ना?*
नाही. पाय अधांतरी धरायलाही स्नायू आवळावे लागतात आणि ते खुब्याला दाबतात. पलंगावर झोपून सरळ पाय उचलतानाही तसेच होते. म्हणूनच अनेकदा पाऊल जमिनीला नुसते टेकवून चालायला सांगतात. 'अमुक किलोच भार द्या' असे सांगितले असेल तर घरच्या वजनकाट्यावर पाऊल दाबून तेवढा भार कसा जाणवतो याचा अंदाज घ्या. किती भार द्यायचा हे मात्र शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरच ठरवतील.

*सांधा दुखतो म्हणजे भार अजिबात देऊ नये का?*
तसे नाही. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, तिला पोषण मिळते ते दाब पडण्या-सुटण्यातून. सपाट जागी चालणे, सायकल, पाण्यातले व्यायाम चांगले. टाळायचा तो अचानक, झटक्याचा आणि लांब दांडीचा भार.

डॉक्टरांना लगेच कधी दाखवावे?

- पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, किंवा एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल. अशा वेळी रुग्णाला उभे करण्याचा प्रयत्न करू नका, १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.
- कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचे नियंत्रण गेले, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद कमी झाली.
- सांधा लाल, गरम, सुजलेला आहे आणि ताप आहे.
- विश्रांतीतही न थांबणारी, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, किंवा विनाकारण वजन घटणे.
- वारंवार तोल जाणे किंवा गेल्या वर्षभरात एकापेक्षा अधिक वेळा पडणे.

पुढच्या तपासणीला येताना आपली काठी आणि रोज वापरायची चप्पल सोबत आणा. काठीची उंची, रबर आणि चालण्याची पद्धत तपासायला पाच मिनिटे पुरतात.